माहिती भरायला माणूस द्या

माननीय संपादक,

घाटमाथ्यावरच्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी एकोणीस वर्षे शिकवते आहे. तंत्रज्ञानाशी माझं वैर नाही. पुस्तकात क्यूआर कोड आणणाऱ्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच भरून आलं होतं. आमच्या शाळेचा टीव्ही गावाने वर्गणी काढून घेतला. समुद्र कधीच न पाहिलेली मुलं त्यावर भरती-ओहोटी बघत होती. चौथीतली एक पोर उठली आणि पडद्यावरच्या वाळूला हात लावून आली. वर्गणीचं त्या दिवशी चीज झालं.

माझा मोबाइल मात्र दिवसभर माहिती भरण्यातच जातो. किती हजर, किती जेवले, शपथेचा फोटो, झाडं लावल्याचा फोटो, शिवाय ‘आजच, तातडीने’ भरायची एखादी लिंक. मी पर्समधून फोन काढला की पहिलीतली पोरं पुस्तक मिटून ओळीत उभी राहतात. त्यांना वाटतं, फोटो आहे.

गेल्या वर्षी एका मुलीच्या आधारवर आडनावात एक इंग्रजी अक्षर जास्त निघालं. संच मान्यतेला, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवताना, आधार वैध झालेली मुलंच धरतात; म्हणजे रोज शाळेत येणारी मुलगी हिशेबातून गळणार आणि कमी पटाच्या शाळेत शिक्षकाचं पदही धोक्यात येणार. तिच्या वडिलांनी दोन दिवसांची मजुरी बुडवली, मी त्यांच्याबरोबर तालुक्याला खेटे घातले आणि इकडे चारही वर्ग एकट्या सहकाऱ्याने सांभाळले.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. आमची ही कामं शैक्षणिकच आहेत, असं आम्हाला सांगितलं जातं. मुलांची प्रगती नोंदवणं माझंच काम आहे, ते मी आनंदाने करते. पण तीच पटसंख्या तीन-चार ठिकाणी पुन्हा पुन्हा भरण्यात शिक्षण कुठे आलं?

आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, अशा दर केंद्राला एक डेटा एंट्री ऑपरेटर द्यावा. एकदा भरलेली माहिती सगळ्या विभागांनी तिथूनच घ्यावी. आणि शाळा भरलेली असताना लिंक पाठवू नयेत, एवढी कळकळीची विनंती.

तिसरीतली दोन मुलं अजून जोडाक्षराला अडखळतात. मधल्या सुट्टीनंतरचा अर्धा तास मी त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. तो मला परत हवा आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका