आई-बाबांना, बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलमधून

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या प्रश्नांची यादी मिळाली. फोनवर त्याची उत्तरं धड देता येत नाहीत, म्हणून निवांत लिहितेय. आधी आईचा प्रश्न घेते, कारण तो मुळावरच आहे: "खेळणारे खेळतात, तुम्ही हात मागे बांधून नुसते फिरता. त्यासाठी परदेशातून पंच कशाला बोलवायचे?" हात मागे बांधून फिरतो, हे खरं आहे. पण कुठे लगेच बोलायचं आणि कुठे डोळ्यांसमोर चूक दिसत असूनही तोंड उघडायचं नाही, हे नियमात ठरलेलं असतं. पंचाचं निम्मं काम त्यातच येतं.

पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी मात्र हात मागे बांधून चालत नाही. एका डावाला टेबल साधारण ११० सेंटिमीटर लांब, ८५ रुंद आणि ७४ उंच लागतं. पटाचं एक घर ५ ते ६ सेंटिमीटरचं आणि राजा साडेनऊ सेंटिमीटर उंच. पट आणि मोहरे एकमेकांच्या मापाचे आहेत का, हे बघायला पट्टी लागत नाही. एका घरात चार प्यादी ठेवून बघायची. ती बसली की माप बरोबर. मग प्रत्येक पटाचं उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं आहे ना, राजा-वजीर अदलाबदल झालेले नाहीत ना, हे एकेक टेबल फिरून पाहायचं. हे कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर महागात पडतं. मोहऱ्यांची सुरुवातीची मांडणीच चुकलेली होती असं डाव चालू असताना लक्षात आलं, तर तो डाव रद्द होऊन नवा खेळावा लागतो. पट आडवा ठेवला गेला असेल तर तेवढं नुकसान नसतं. आहे तीच स्थिती नीट ठेवलेल्या पटावर मांडून डाव पुढे चालू होतो. रंगांची अदलाबदल झाली असेल तर दोघांच्याही दहा चाली झाल्या आहेत का, ते बघायचं. झाल्या नसतील तर नवा डाव, झाल्या असतील तर आहे तसाच पुढे.

दोघांचा वेळ वेगवेगळा मोजणारं, चाल झाली की दाबायचं घड्याळ पटाच्या कुठल्या बाजूला ठेवायचं ते पंच ठरवतो. एका रांगेतली सगळी घड्याळं एकाच बाजूला तोंड करून ठेवली, की एका फेरफटक्यात सगळ्यांची वेळ दिसते. खेळाडू ते आपल्या सोयीने सरकवू पाहतात, तेव्हा गोड बोलून परत जागेवर ठेवायचं.

फेरी सुरू झाल्यावर पहिली नोंद गैरहजरांची. किती मिनिटांपर्यंत आलं तर चालेल, हे स्पर्धेच्या नियमात आधी लिहिलेलं असतं. काही ठिकाणी ते शून्य मिनिटं असतं, म्हणजे फेरी सुरू होताना खुर्चीजवळ नसलात तर डाव गेला. सवलतीची मिनिटं असतील आणि दोघंही आले नसतील, तर पांढऱ्याचं घड्याळ चालू राहतं आणि तो येईपर्यंतचा वेळ त्याचाच जातो.

आता नियमबाह्य चालीबद्दल. बाबा, तुम्ही विचारलं होतं की इतके मोठे खेळाडू अशी चाल करतात तरी कशी. वेळ कमी राहिला की करतात. शह बसलेला असताना दुसरीच चाल करतात, प्यादं शेवटच्या घरात नेऊन त्याच्या जागी वजीर न ठेवताच घड्याळ दाबतात, किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) दोन हातांनी करतात. घड्याळ दाबलं की चूक पूर्ण झाली असं धरतात, त्याआधी ती सुधारता येते. पंचाने नियमबाह्य चाल पाहिली तर कुणी तक्रार करायची वाट बघायची नसते. दोन्ही घड्याळं थांबवायची, चुकीच्या चालीआधीची स्थिती पुन्हा मांडायची. हात लावलेला मोहरा कायदेशीर हलवता येत असेल तर तोच हलवायला लावायचा. मग प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळात दोन मिनिटं वाढवायची, आपल्या वहीत नोंद करायची आणि डाव चालू करायचा. त्याच खेळाडूकडून दुसऱ्यांदा झालं तर तो हरला. प्रतिस्पर्ध्याकडे कुठल्याही मार्गाने मात करण्याइतके मोहरेच उरले नसतील, तर बरोबरी. ब्लिट्झ या थोड्या मिनिटांच्या झटपट प्रकारात दोनऐवजी एकच मिनिट वाढवतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण गडबड होते ती घड्याळात. आकडे बदलायला थांबवण्याचं बटण थोडा वेळ दाबून धरावं लागतं, मग एकेक आकडा लुकलुकायला लागतो. आजूबाजूला पाच-सहा जण मान वर करून बघत असतात, दोन्ही खेळाडू वैतागलेले असतात, आणि घाईत दोन मिनिटं चुकणाऱ्याच्याच बाजूला जाऊ शकतात. म्हणून दोन्ही वेळा आधी कागदावर लिहून घ्यायच्या, मग बटणाला हात लावायचा. आणखी एक गोष्ट सहज सुटते. चुकीच्या चालीनंतर घड्याळ दाबल्यामुळे त्या खेळाडूला प्रत्येक चालीमागे मिळणारे वाढीव ३० सेकंद मिळालेले असतात, आणि दुरुस्त चाल करून दाबलं की पुन्हा मिळतात. ते हिशेबात धरावे लागतात. घड्याळातला चालींचा आकडाही एकाने पुढे गेलेला असतो.

बढतीच्या वेळी, म्हणजे शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याच्या जागी दुसरा मोहरा ठेवताना, जास्तीचा वजीर हाताशी नसला तर खेळाडू उलटा हत्ती ठेवून "वजीर" म्हणतो. घरी हे चालतं. इथे उलटा ठेवला तरी हत्ती तो हत्तीच. वजीर हवा असेल तर घड्याळ थांबवून पंचाकडे मागायचा, तशी मुभा आहे. म्हणून डाव शेवटाकडे आले की खिशात दोन्ही रंगांचा एकेक वजीर ठेवणं बरं.

आता गप्प बसण्याबद्दल. चाल करून खेळाडू घड्याळ दाबायला विसरला आणि त्याचा वेळ भराभर चाललाय, तरी पंचाने सांगायचं नाही. चाळिसावी चाल (तिच्यानंतर जास्तीचा वेळ मिळतो) झाली का, असं कुणी हळूच विचारलं तरी सांगायचं नाही. तो हिशेब ज्याचा त्याने ठेवायचा. प्रेक्षकाला किंवा दुसऱ्या खेळाडूला काही गैर दिसलं तर त्याने फक्त पंचाला सांगायचं, खेळणाऱ्याला नाही. याउलट वेळ संपल्याचं पंचाला दिसलं तर त्याने लगेच जाहीर करायचं. मला स्वतःला हे गप्प राहणंच नियमपुस्तकातलं सगळ्यात अवघड कलम वाटतं, कारण चेहऱ्यावरूनही काही कळू द्यायचं नसतं. टेबलाजवळ जरा जास्त वेळ थांबलं तरी चलाख खेळाडू ओळखतो की इथे काहीतरी झालंय.

चाली लिहिण्यावरूनही बरंच काम निघतं. प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढत असतील तर शेवटपर्यंत लिहायलाच हवं, वेळ कितीही कमी असो. एवढी सवलत आहे की प्रतिस्पर्ध्याची चाल न लिहिता आपण उत्तराची चाल करू शकतो, पण त्यापुढची चाल करण्याआधी मागचं सगळं लिहून झालेलं पाहिजे. चाल आधी लिहून मग खेळायची नाही, फक्त बरोबरीचा दावा करताना तसं चालतं. इथे वेगवेगळ्या देशांचे खेळाडू असतात आणि मोहऱ्यांसाठी आपापल्या भाषेतली आद्याक्षरं वापरायला परवानगी आहे. त्यामुळे इंग्रजीत 'आर' म्हणजे हत्ती, तर फ्रेंच आणि स्पॅनिश खेळाडूच्या कागदावर तोच 'आर' म्हणजे राजा. जर्मन माणूस घोड्याला 'एस' लिहितो. रात्री वादाच्या डावाची स्कोअरशीट वाचायला बसलं की आधी खेळाडूचा देश बघावा लागतो. बरोबरी सुचवली की दोघांनीही कागदावर कंसात बरोबरचं चिन्ह करायचं. भाषा न समजणाऱ्या दोघांमध्ये "मी सुचवलीच नव्हती" असा वाद झाला तर तेवढीच खूण उपयोगी पडते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा दावा म्हणजे तीच स्थिती तिसऱ्यांदा आली म्हणून बरोबरी मागण्याचा. खेळाडूने कुठली चाल करणार ते लिहायचं, पण पटावर करायची नाही, आणि पंचाला बोलवायचं. बरेच जण आधी मोहऱ्याला हात लावतात आणि मग बोलवतात. हात लागला की त्या चालीपुरता दाव्याचा हक्क गेला. पंचाने घड्याळं थांबवायची आणि दोन्ही खेळाडूंसमोर दुसऱ्या पटावर स्कोअरशीटवरून डाव लावायचा. मोहरे त्याच घरांत दिसले म्हणजे स्थिती तीच, असं नसतं. चाल त्याच खेळाडूची हवी, किल्लेकोटाचे हक्क तेच हवेत, प्यादं एन पासाँ मारण्याची (दोन घरं पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने लगेच मारण्याची) शक्यताही तीच हवी. समजा पहिल्या वेळी राजा ई१ वर (घरांना अशी अक्षर-आकड्यांची नावं असतात), हत्ती एच१ वर, दोघंही जागचे हललेले नाहीत. मग हत्ती जी१ ला जाऊन परत आला. पट हुबेहूब तसाच दिसतो, पण किल्लेकोटाचा हक्क गेलेला असतो, म्हणून पहिली वेळ मोजायचीच नाही. दावा चुकीचा ठरला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्त, आणि लिहिलेली चाल करावीच लागते. तीच स्थिती पाचव्यांदा आली, किंवा प्यादं न हलता आणि काही न मारलं जाता दोघांच्याही ७५ चाली झाल्या, तर कुणी मागो न मागो, पंचाने डाव बरोबरीत थांबवायचा.

आई, मोबाईलचं तू विचारलंस. खेळाडूच्या अंगावर फोन सापडला तर तो डाव हरतो. बंद असला तरी, अलार्मसाठी ठेवला होता म्हणाला तरी. स्पर्धेच्या नियमात मुभा असेल तर बंद करून बॅगेत ठेवता येतो, पण मग त्या बॅगेला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. आत येताना मेटल डिटेक्टर फिरवतात, अधूनमधून डावातून उठलेल्यांचीही तपासणी होते. ज्याची चाल आहे त्याने पंचाला विचारल्याशिवाय खेळाच्या जागेतून उठून बाहेर जायचं नाही. कोण किती वेळा आणि किती वेळ बाहेर गेला, याची आम्ही नोंद ठेवतो. एका नोंदीला अर्थ नसतो, चार फेऱ्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की दिसतं. बाबा, तुम्हाला डाव उशिरा दिसतो तोही याच कारणासाठी. बाहेरून कुणी संगणकाची चाल कळवू नये म्हणून मोठ्या स्पर्धांचं प्रक्षेपण बऱ्याचदा १५ मिनिटं मागे ठेवतात. तुमचं इंटरनेट ठीक आहे.

आणि डाव संपल्यावर दोन्ही राजे पटाच्या मधोमध कसे येतात, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला. ती चाल नसतेच. तो इलेक्ट्रॉनिक पट आहे, त्याला निकाल कळवायची ती खूण आहे. दोन्ही राजे मधल्या पांढऱ्या घरांत, म्हणजे ई४ आणि डी५ वर, ठेवले तर पांढरा जिंकला. डी४ आणि ई५ या काळ्या घरांत ठेवले तर काळा. एक पांढऱ्यात आणि एक काळ्यात ठेवला तर बरोबरी. हस्तांदोलन झाल्यावर खेळाडू डावाची चर्चा करत मोहरे भराभर हलवू लागतात आणि त्या चालीही प्रक्षेपणात घुसतात. मग तुम्हाला वाटतं की जिंकलेला माणूस शेवटी वेड्यासारखं काय खेळला!

दोघांनी सह्या केलेल्या स्कोअरशीट गोळा करून निकाल भरायचे. इथली चूक सगळ्यात महाग, कारण पुढच्या फेरीच्या जोड्या त्यावरच लागतात. एक भरतो आणि दुसरा कागदावरून मोठ्याने वाचतो, असं दोघांनी केलेलं बरं. जोड्या संगणक लावतो. समान गुणांच्या गटात दहा जण असतील तर रेटिंगप्रमाणे (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याप्रमाणे) पहिला विरुद्ध सहावा, दुसरा विरुद्ध सातवा, अशी सुरुवात करून मग तो अडचणी सोडवतो. तेच दोघं पुन्हा भेटता कामा नयेत, एकच रंग सलग तिसऱ्यांदा येता कामा नये. शेवटच्या फेरीत निम्म्याहून जास्त गुण असलेल्यांसाठी रंगाचा नियम थोडा सैल होतो. जोड्या लागल्या की दोन-चार जण हमखास भांडायला येतात की मलाच पुन्हा काळे का. त्यांना त्यांच्या रंगांचा इतिहास दाखवला की बहुतेक शांत होतात.

शेवटच्या दोन फेऱ्यांत नॉर्मची, म्हणजे किताबासाठी लागणाऱ्या कामगिरीची, विचारणा सुरू होते. ग्रँडमास्टर नॉर्मला कामगिरीचं रेटिंग (त्या स्पर्धेतल्या खेळावरून काढलेलं) २६०० लागतं, इंटरनॅशनल मास्टरला २४५०. पण नुसत्या आकड्यावर भागत नाही. किती प्रतिस्पर्धी किताबधारी होते, किती देशांचे होते, हेही बघावं लागतं, आणि प्रतिस्पर्धी न आल्याने फुकट मिळालेला गुण त्यात सहसा धरत नाहीत. मुख्य पंचाची सही असलेल्या प्रमाणपत्रात एक रकाना चुकला तर त्या पोराचं काम अडून राहतं, म्हणून ते दोघांनी तपासायचं.

आता फोनचं. चाळीस चालींना ९० मिनिटं, पुढे ३० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद, असा वेळ असला की साठ चालींचा डाव दोघांचा मिळून पाच तास जाऊ शकतो, शंभर चालींचा पाच तास चाळीस मिनिटं. म्हणजे दुपारी तीनला सुरू झालेली फेरी रात्री पावणेनऊपर्यंत चालू शकते, आणि नंतर निकाल आणि जोड्या. तेव्हा फेरीच्या दिवशी रात्री जागत बसू नका, मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करेन. हॉलमध्ये माझाही फोन बंदच असतो. अगदी निकडीचं असेल तर आयोजकांच्या कार्यालयात निरोप द्या, नंबर वेगळा पाठवलाय. तिथला माणूस आत येऊन चिठ्ठी देतो.

तुमची लेक