सर, त्या बटर पेपरसाठी थँक्यू

सर, नमस्कार.

तुम्ही रिटायर होताय हे कळल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहूनच टाकते. तुम्ही आर्किटेक्चर शिकवलंत, ऑफिस चालवलंत आणि हे सगळं करताना हातातली पेन्सिल काही सोडली नाहीत, त्यामुळे ही तीन वेगळी कामं आहेत असं आम्हाला कधी वाटलंच नाही. त्याबद्दल मनापासून थँक्यू.

स्टुडिओत डेस्कवर यायचात तेव्हा आमच्या शीटवर कधी रेघ मारली नाहीत. आधी वर बटर पेपर, म्हणजे खालचं दिसू देणारा पातळ कागद, पसरायचा, कोपऱ्यांना टेप, हातात 4बी पेन्सिल, आणि मग खालून आमच्याच प्लॅनच्या भिंती दिसतायत आणि वरून तुमची रेघ चाललीये, "इथून आत आलो, आता समोर काय दिसतंय?" असं विचारत विचारत. जाताना तो कागद आमच्याकडेच ठेवायचात, पटलं तर घ्या नाहीतर द्या टाकून. विद्यार्थ्याच्या ड्रॉइंगचा एवढा मान ठेवणारे किती कमी असतात ते आता स्वतः ज्युरीला, म्हणजे विद्यार्थ्यांची कामं तपासायला, जाते तेव्हा कळतं.

आणि सेक्शन, म्हणजे बिल्डिंग उभी कापली तर आत काय दिसेल ते ड्रॉइंग! प्लॅन कोणीही काढेल, सेक्शन काढल्याशिवाय बिल्डिंग कळत नाही हे तुमचं ठाम मत, आणि मला ते आजही शंभर टक्के पटतं. दोन रायझर (पायरीची उंची) अधिक एक ट्रेड (पाय ठेवायची रुंदी) म्हणजे साधारण 600 ते 630 मिमी, हे फळ्यावर लिहून मोकळे नाही झालात, टेप देऊन कॉलेजचे जिने मोजायला पाठवलंत, 150-300 च्या जिन्यावर पाय किती सहज पडतो ते त्यामुळे चढून उतरून कळलं.

साइटवर जे घडायचं ते दुसऱ्या दिवशी वर्गात यायचं. खिडकीच्या सिलखाली, म्हणजे खालच्या बाहेर आलेल्या कडेखाली, ती बोटाएवढी खाच, ड्रिप, ती नसेल तर पावसाचं पाणी सिलच्या पोटाला चिकटून मागे भिंतीकडे सरकतं आणि भिंत ओली होते, खाच असली की पाणी तिथेच तुटून खाली पडतं. पुस्तकात ही एक बारीक रेघ असते फक्त. तुम्ही ती फुल साइज काढून दाखवलीत, आणि मी आजही डिटेल तपासायला घेतलं की आधी तिथेच बघते.

अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान 1947 पासून 1974 मध्ये वारले तोपर्यंत शिकवत होते, आधी येल, मग पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत, आणि सॉल्क इन्स्टिट्यूटच्या बिल्डिंगसारखं कामही याच वर्षांतलं. हे तुम्ही सांगायचात तेव्हा एवढं सगळं एका माणसाला जमतं कसं हा प्रश्न आम्हाला पडायचाच नाही, कारण तसा माणूस रोज समोर बघत होतो ना!

आता एक मागणं. तुमच्या त्या सगळ्या स्केचबुक्स कपाटात पडून राहायला नकोत. स्कॅनिंगचं काम आम्ही काहीजण मिळून करतो, तुम्ही फक्त हो म्हणा, आणि शक्य असेल तिथे कुठलं स्केच कुठे बसून काढलंय तेवढं सांगा.

तुमची विद्यार्थिनी