क्रेटमध्ये दोन नारळ ठेवणाऱ्या फिजिओताईंस

ताई, सप्रेम नमस्कार.

भेटून सांगावं तर तुमच्या खोलीबाहेर कायम रांग, आणि समोर बसलो की माझी जीभ जड होते. म्हणून इथे लिहितो. पहिल्या दिवशी मी तुमच्याशी उद्धट बोललो ते बाहेरच्या बाकड्यावर सगळ्यांनी ऐकलं होतं. मग आभारही चारचौघांतच मानलेले बरे.

रत्नागिरीकडे एप्रिलात आंब्याच्या कलमावरून माणूस पडणं ही काही बातमी नव्हे. दहिवराने खोड ओलं होतं, आंबे उतरवायची घळ लांब न्यायला फांदीवर भार टाकला आणि फांदीसकट खाली आलो. कमरेचा पहिला मणका दबला. नसा वाचल्या म्हणून ऑपरेशन टळलं. तीन महिन्यांनी एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, हाड भरलं. दुखणं मात्र पुढे दोन वर्षं मुक्कामाला राहिलं.

महानारायण तेल झालं, शेक झाला, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या झाल्या. बायकोने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. पट्टा आंघोळीपुरता सुटायचा. एके ठिकाणी एमआरआय बघून सांगण्यात आलं, ‘मणक्यांमधल्या चकत्या झिजल्यात, आता वाकायचं नाव काढू नका.’ त्या वाक्याने मला जेवढं अंथरुणाला खिळवलं तेवढं पडण्यानेही नव्हतं. चप्पलसुद्धा बायको पायापाशी सरकवायची.

तुम्ही आधी विचारलंत, लघवी-संडासवर ताबा आहे ना, मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतं का, पायातली ताकद गेली आहे का. बाईमाणसाने असलं विचारलं म्हणून मी चिडलो, काहीबाही बोललो. तुम्ही शांतपणे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंत: यातलं काही झालं तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. ती चिठ्ठी अजून देव्हाऱ्याशेजारी आहे. गोळ्यांचं ऐकल्यावर, आधी डॉक्टरांना दाखवून बीपी आणि किडनी तपासून घ्या म्हणालात.

मग विचारलंत, ‘दुखतं म्हणून काय काय सोडलंत?’ किती दुखतं, हे सगळे विचारायचे. सोडलेल्याची यादी कुणी मागितली नव्हती. पेट्या भरणं, भजनाला मांडी घालून बसणं, असं सांगत सांगत ‘शिमग्याची पालखी’वर आलो आणि घसा दाटला.

एमआरआयचा कागद तुम्ही बाजूला ठेवलात. कधीही कंबर न दुखलेल्या पन्नाशीच्या माणसांच्या तपासणीतही सुमारे 80 टक्के जणांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात, म्हणालात. माझं वय बावन्न. भरलेलं हाड वाकण्याने मोडणार नाही, शरीराची धोक्याची घंटाच जास्त हळवी झाली आहे, हे तुमचं म्हणणं मला घरी जाताना उमगलं. वानरांनी एकदा बाग लुटली की राखणीचा गडी वाऱ्याने पान हललं तरी डबा बडवतो. डबा खोटा वाजत नाही, आवाज खराच असतो. पण दर वेळी वानर असतंच असं नाही.

त्यानंतर तो क्रेट. दोन नारळ घालून उचला म्हणालात. मनातून हसलो, आणि वाकताना घाम फुटला. दर आठवड्याला दोन नारळ वाढवायचे, रोज घड्याळ लावून दहा मिनिटं चालायचं, पट्टा थोडा थोडा वेळ काढून ठेवायचा. एकदा बरं वाटलं म्हणून भरलेले सहा क्रेट हलवले आणि चार दिवस आडवा झालो. तुम्ही रागावला नाहीत. ‘बऱ्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त नाही, वाईट दिवशी अगदी शून्य नाही,’ एवढंच. हे पाळणं मला व्यायामापेक्षा अवघड गेलं, अजून जातं.

पुण्याच्या भाच्याने नंतर जागतिक आरोग्य संघटनेची 2023ची मार्गदर्शक सूचना वाचून दाखवली. ज्या जुनाट कंबरदुखीमागे ठरावीक आजार सापडत नाही, तिच्यासाठी पट्टे सरसकट वापरू नयेत, असं त्यात आहे म्हणे. मी त्याला म्हटलं, आमच्या ताईंनी हे दोन नारळांत सांगितलं.

‘पूर्ण बरे व्हाल’ असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. तेव्हा ते फार लागलं होतं. पावसाळ्यात पहाटे कंबर अजून धरते. पण यंदा पालखी अंगणात आली तेव्हा खांदा दिला. नाचवली नाही, वीसेक पावलं नेली आणि पुतण्याला दिली. दुसऱ्या दिवशी कंबर बोलली. मी ठरलेली चाल चालून आलो आणि चप्पल माझी मीच घातली.

सोबत हापूस पाठवतोय. अढीतून कालच काढलेत, दोन दिवस थांबून खा. क्रेट तेवढा परत पाठवा. सध्या बारा नारळांवर आहे.

आपला,
कलमावरून पडलेला बागायतदार