तोंतोंचं नाव आधी लिही

वाकोआ, मॉरिशस, मंगळवार रात्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, आठही गाणी झाली, इथली एक कंपनी रोख पैसे देतेय, फक्त गाणी त्यांच्या नावावर करायची." मी गप्प बसले. तुला वाटलं, आई रागावली. रागावले नाही रे. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

बाळा, गाणी विकू नकोस. पैशांची नड मला कळते. स्टुडिओचं भाडं, बास वाजवणाऱ्याचं विमानाचं तिकीट, शेजारच्या रियुनियन बेटावरची तुझी खोली, सगळं मी मनात मांडून पाहिलं. पण तुझं पहिलं हॉटेल आठव. पश्चिम किनाऱ्यावर, तू जेमतेम अठराचा. पर्यटक जेवत असायचे आणि तुम्ही चौघं कोपऱ्यात उभे राहून दुसऱ्यांची गाणी वाजवायचात. बस बंद झालेली असायची, म्हणून बाबा रात्री बाराला गाडी घेऊन यायचे. चार महिन्यांचे पैसे हॉटेलवाल्यांनी थकवले आणि अर्धेच दिले. तेव्हा तुझ्याकडे एक कागद नव्हता. आज आठ गाणी आहेत, तर कागद तुझा असू दे. शब्द आणि चाल हा एक हक्क, रेकॉर्डिंग हा दुसरा. दोन्ही वेगळे असतात, आणि कंपनीला दोन्ही हवे असतात. गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्था असतात, इकडे 'मासा' आहे, तिकडे 'सासेम' आहे. गाणं आधी नोंदव, मग लोकांपुढे आण. आपलं बेट साडेबारा लाखांचं. इथे कुणी एका अल्बमवर घर बांधत नाही. पण गाणं तुझं राहिलं, तर रेडिओवर लागो की कुणाच्या लग्नात वाजो, थोडं थोडं का होईना, तुझ्याकडे येत राहील.

पण मला खरं बोलायचंय ते दुसरंच. तू पाठवलेल्या यादीत तिसऱ्या आणि सातव्या गाण्यापुढे लिहिलंयस, 'रावान – पारंपरिक'. ते वाचून मला झोप लागली नाही.

रावान, तो सेगाचा मोठा डफ, वाजवलं कुणी? पोर्ट लुईच्या रोश ब्वा वस्तीतल्या तोंतोंनी, तुझ्या त्या मानलेल्या काकांनी. तुला आठवत असेल, आपल्या मागल्या दारी ते पहिल्यांदा आले तो दिवस. वाकोआचा पाऊस, हवा ओली, बकऱ्याचं कातडं सैल पडलेलं. त्यांनी उसाचं वाळलेलं पाचट पेटवलं आणि रावान त्यावर हळूहळू फिरवत राहिले. मध्येच बोटाने टिचकी मारायची, कान लावायचा, परत आच द्यायची. मी दारात उभी होते. संगमेश्वरला माझ्या माहेरी हलगी अशीच शेकायचे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंतोंना वाटलं, धूर गेला. त्या दिवशी तू तीन तास त्यांच्यापुढे बसलास. आपल्या बेटावरच्या सेगा गाण्याच्या सहा मात्रा, आपल्या दादऱ्यासारख्या झुलत्या, तुझ्या हातात आधी बसेनात. जमैकाचं रेगे चारात चालतं, पहिली मात्रा मोकळी सोडून तिसरीवर ठोका. ही दोन्ही एका अंगात कशी मुरवायची, ते त्यांनी तुला मांडीवर थाप मारून शिकवलं. एक पैसा घेतला नाही.

आणि ही दोन्ही मिसळलेली 'सेगे' तरी कुठून आली? काया या गायकाकडून. जोसेफ रेजिनाल्ड टोपीझ, तोही रोश ब्वाचाच. रेगे गायक बॉब मार्लीच्या १९७८ च्या अल्बमचं नाव त्याने स्वतःला घेतलं, आणि सेगा-रेगे एकत्र करून गुलामांच्या पणतवंडांना त्यांच्याच क्रिओल बोलीत गाणं दिलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये मी नवी नवरी होते, या घरात येऊन पाच महिने झाले होते. मैफलीत गांजा ओढला म्हणून त्याला धरलं आणि तो पोलीस कोठडीत मेला. ३८ वर्षांचा होता. बेट पेटलं. त्यातच बर्जर अगाथ हा गायकही गोळ्या लागून गेला. तुझ्या आजीने कड्या लावल्या आणि आम्ही रेडिओला कान लावून बसलो. मला तेव्हा क्रिओल येत नव्हतं. मला फक्त त्या लोकांची भीती वाटली. त्यांच्यावर काय गुदरलंय हे समजायला मला वर्षं लागली, आणि त्यातलं बरंचसं तुझ्या गिटारमुळे समजलं.

आपणही इथे उसाच्या मळ्यातच आलो, १८३४ नंतर, गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर. पण आपल्याला आपली नावं, आपला गणपती, आपली झाकरीची नाचगाणी सोबत आणता आली. त्या गुलामांची नावंसुद्धा मालकाने बदलली. म्हणून 'पारंपरिक' हा शब्द मला टोचला. परंपरा सगळ्यांची आहे, कबूल. २०१४ मध्ये युनेस्कोने सेगा आपल्या यादीत घेतली, त्याचा मला अभिमान आहे. पण त्या दोन गाण्यांतला हात एका माणसाचा आहे, आणि त्या माणसाला नाव आहे. उद्या कुणी कास्काव्हेल गावची झाकरी रेकॉर्ड करून तुझ्या आजोबांच्या ढोलकीपुढे 'पारंपरिक' लिहिलं असतं, तर तू गप्प बसला असतास?

तेव्हा असं कर. कंपनीला नाही म्हण. स्टुडिओचं उरलेलं देणं बाबा आणि मी मिळून भागवू, गाणी चालली की परत दे. तिसऱ्या आणि सातव्या गाण्यावर तोंतोंचं पूर्ण नाव घाल आणि त्यांचा वाटा कागदावर आकड्यात लिही. बास आणि कीबोर्डवाल्यांचाही. कागद क्रिओलमध्ये लिही, फ्रेंचमध्ये नको, म्हणजे त्यांना कुणाकडून वाचून घ्यावा लागणार नाही. मला फोनवर पाठव, मी शाळेत छापून घेते. शनिवारी पोर्ट लुईच्या बाजाराला जाणारच आहे, तिथून रोश ब्वाला जाऊन त्यांच्या हातात देईन. त्यांना गुळाच्या करंज्या आवडतात, त्याही नेते.

तुझी आई