आधी पायऱ्या मोज, मग मेनू बघ

नौपाडा, ठाणे

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली कोचीच्या हॉटेलांची यादी पाहिली. कुठे काय चांगलं मिळतं ते सगळं त्यात आहे. दाराशी पायऱ्या किती आणि टॉयलेट कुठल्या मजल्यावर, हे मात्र एकाही हॉटेलपुढे लिहिलेलं नाही. व्हीलचेअरवरची आजी आणि छोटी इरा बरोबर असताना यादी तिथून सुरू करायची, पदार्थ नंतर.

हॉटेलला फोन करशील तेव्हा "व्हीलचेअर येते का?" असं विचारू नकोस. उत्तर "येते" असंच मिळणार, कारण दोन पोरं खुर्ची उचलून आत ठेवतील असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. आकडे विचार. रस्त्यापासून टेबलापर्यंत पायऱ्या किती? दार किती इंच? टेबलं हलवता येतात की बाकडी जमिनीला ठोकलेली आहेत? एसी हॉल खाली आहे की वर? छोट्या हॉटेलांत फॅमिली रूम बऱ्याचदा माडीवर असते आणि लिफ्ट नसते. आजीची खुर्ची बाहेरून बाहेर २५ इंच आहे. समोरून सरळ जायचं असेल तर ३० इंचांचं दार पुरतं, पण बोळातून काटकोनात वळून शिरायचं असेल तर ३२ लागतात, नाहीतर ढकलणाऱ्याची बोटं चौकटीत सापडतात.

रॅम्प आहे म्हणाले तर त्याची लांबी विचार. एक इंच चढाला बारा इंच उतार हा हिशेब. म्हणजे सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फूट, दोन असतील तर बारा. प्रत्यक्षात दोन पायऱ्यांवर चार फुटांची फळी टाकलेली असते, आणि ती गॅसच्या सिलिंडरसाठी असते. तिच्यावरून आजीला नेऊ नकोस. एकच पायरी असेल तर रॅम्पची गरजच नाही. मागच्या दांडीवर पाय देऊन पुढची चाकं उचल, पायरीवर टेकव आणि मग मागची चाकं मांडीच्या जोराने वर ढकल. उतरताना नेहमी पाठमोरं, मोठी चाकं आधी. दोनापेक्षा जास्त पायऱ्या असतील तर दोन माणसं हवीत, एक मागच्या मुठींना आणि एक पुढच्या फ्रेमला धरून. मदतीला धावणारे लोक हमखास हातटेकी नाहीतर पायटेकी धरतात. दोन्ही सुटी होणारी असतात, ती हातात येतात आणि खुर्ची खाली जाते. उचलण्याआधी हे त्यांना बोलून दाखव, ओशाळू नकोस.

टेबलाशी आणखी एक अडचण येते. हातटेकी जमिनीपासून साधारण २९ इंचांवर असतात आणि टेबलाची खालची कड २७-२८ वर. खुर्ची आत जातच नाही, आजी ताटापासून वीतभर लांब राहते आणि आमटी मांडीवर सांडते. आजी चार पावलं टाकते, तेव्हा तिला सरळ हात असलेल्या साध्या खुर्चीत बसव आणि व्हीलचेअर घडी करून भिंतीला लाव. ती साधी खुर्ची प्लॅस्टिकची असेल तर तिची पाठ भिंतीला टेकलेली हवी, गुळगुळीत फरशीवर उठताना मागे सरकते. व्हीलचेअरवरचा ग्राहक हॉटेलवाल्यांना दारातच, पॅसेजमध्ये बसलेला बरा वाटतो. तसं बसवून घेऊ नका, आजीचं पान सगळ्यांच्या पानाशेजारीच मांडायचं.

राहायला एर्णाकुलमच्या बाजूला, एम. जी. रोड किंवा मरीन ड्राइव्हजवळ घ्या. फोर्ट कोचीतली जुनी घरं देखणी, पण उंच उंबरे आणि लाकडी जिने. शिवाय मेट्रो या बाजूला आहे. २०१७ साली सुरू झालेल्या या मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहे. तुम्ही ठाण्याहून नेत्रावती एक्स्प्रेसने गेलात तर एर्णाकुलम जंक्शनला उतरा, एर्णाकुलम साउथचं मेट्रो स्थानक शेजारीच आहे. एडपळ्ळी स्थानकातून थेट लुलू मॉलमध्ये जाता येतं. मॉलचं जेवण मला स्वतःला आवडत नाही, पण रुंद टॉयलेट, लहान मुलांच्या उंच खुर्च्या आणि कपडे बदलायची जागा एका छपराखाली मिळते. पोचल्या दिवशी, सगळे दमलेले असताना, तिथेच जेवा.

पलीकडे फोर्ट कोचीला जायला वॉटर मेट्रोची बोट, हायकोर्टच्या धक्क्यावरून. ही एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. तिचे धक्के तरंगते आहेत, भरती-ओहोटीबरोबर बोटीइतकेच वर-खाली होतात, त्यामुळे बोटीचं दार आणि धक्का एका पातळीत राहतात आणि खुर्ची सरळ आत जाते. जुनी सरकारी बोट स्वस्त आहे, पण तिच्यात काठ ओलांडून पाय टाकावा लागतो आणि तेवढ्यात बोट हलते. आजीला घेऊन ती नको. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी वॉटर मेट्रोला लांब रांग लागते, म्हणून सकाळी पलीकडे जाऊन दुपारी परत या. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे परतीचा पाऊस असतो, बहुतेक दुपारनंतर आणि विजांसकट. तेही सकाळीच जाण्याचं एक कारण.

आता जेवण. दुपारच्या जेवणाला तिकडे ऊण् किंवा 'मील्स' म्हणतात. बाराला मांडतात, तीनच्या सुमारास संपतं. साडेतीनला पोचलात तर चहा आणि पळम्पोरी, म्हणजे मैद्यात बुडवून तळलेलं केळं, यापलीकडे काही मिळत नाही. तेवढ्यात इरा रडायला लागते आणि आजीची साखर उतरते. बरोबर बाराला दारात उभे राहा. एक ते दोन गर्दी असते, तेव्हा खुर्ची फिरवायला जागा नसते आणि वाढपी उकळत्या सांबाराच्या बादल्या घेऊन पळत असतात. इराला वाटेकडेच्या टोकाला बसवू नका, भिंतीकडे बसवा. उंच खुर्ची नसेल तर सायलीची ओढणी तिच्या पोटाभोवती घेऊन पाठीमागे खुर्चीला सैल बांधा.

आजीसाठी पहिलं वाक्य "मीन वेंडा", मासे नकोत. बसण्याआधीच सांगायचं, कारण मांसाहारी हॉटेलात मील्सबरोबर माशांचा रस्सा न विचारता भातावर ओततात. बीफही सर्रास असतं. आजीचं मन मोडेल असं वाटलं तर फक्त शाकाहारी पाटीच्या ठिकाणी जा. तिकडचा मट्टा तांदूळ उकडा, जाड, तांबूस असतो, कवळीला चावत नाही. "पच्चरी" मागा, पांढरा भात मिळतो. पानातले पदार्थ बघून घ्या, अवियल (खोबऱ्यातली मिश्र भाजी) आणि ओलन दोन्ही सौम्य. ओलनमध्ये कोहळा आणि नारळाचं दूध असतं, आजीला ते आपल्या घरच्यासारखं वाटेल. केळीच्या पानाला काठ नसतो आणि तिचा हात थरथरतो, रसम आणि पायसम ओघळून जातं. स्टीलचं ताट आणि दोन वाट्या मागून घ्या, कुणी वाईट मानत नाही. रात्रीसाठी कंजी-पयर, म्हणजे पेज आणि मूग, मिळालं तर उत्तम. चहा साखर घालूनच येतो. "विदाउट" एवढं म्हटलं की बिनसाखरेचा येतो, हा शब्द तिकडे सगळ्यांना कळतो. पायसम दोन चमचे, जास्त नाही, तिने कितीही आग्रह केला तरी.

इराला वाफवलेलं नेंद्रन केळं, इडियप्पम (तांदळाच्या शेवया), अप्पम आणि भाज्यांचा स्ट्यू. "एरिवु कुरच्चु मती", तिखट कमी, हे वाक्य पाठ कर. मामलेदारची मिसळ पचवणाऱ्यांनीसुद्धा कांतारी मिरचीच्या चटणीशी बरोबरी करू नये. मिरची नखाएवढी असते आणि चटणी दिसायला साधी. ही चटणी कप्पाबरोबर येते. कप्पा म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोच, उकडलेला.

मासे तुम्ही दोघं खाणारच. करिमीन म्हणजे आपल्या सिंधुदुर्गातलं कालुंदर, चव छान पण बारीक काटे फार. इराच्या ताटात ते नको, तिला नेयमीन, म्हणजे सुरमई, मधल्या काट्यापासून सोडवून. फोर्ट कोचीत चिनी जाळ्यांजवळ मासा निवडून शेजारी शिजवून घेता येतो. तिथे दोन भाव आधी ठरवा, माशाचा किलोचा आणि शिजवण्याचा, आणि वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं तेही. बसायची सोय मात्र बेताचीच असते आणि जमीन उंचसखल, म्हणून आजीला तिथे जेवायला न बसवता फक्त जाळी दाखवा. मट्टनचेरीत गुजराती रोडवर गुजराती फरसाण-मिठाई मिळते, आणि चेरळाईला कोंकणी बोलणारी माणसं राहतात. आजीला तिथे बोलायला कुणी मिळालं तर जेवण अर्धा तास लांबेल, तेवढा वेळ धरून ठेव.

पाण्याचं नीट वाच. टेबलावर गुलाबी पाणी येईल. ते पतिमुगम घालून उकळलेलं असतं, रंग त्या लाकडाचा, घाबरायचं कारण नाही. कोमट किंवा गरम असेल तर प्या. एकदम गार असेल तर नको, कारण घाईत उकळत्या पाण्यात साधं पाणी ओतून ते निववतात आणि उकळण्याचा उपयोग राहत नाही. इरा आणि आजीला बाटलीचंच.

हॉटेलचं टॉयलेट आजीच्या खुर्चीला पुरेल असं धरून चालू नकोस, दारं बहुधा दोन फुटांची असतात. जेवणाआधी मेट्रो स्थानकावर किंवा मॉलमध्ये जाऊन या. आजी बाहेर पाणी पिणं टाळते ते याच भीतीने, आणि मग चक्कर येते. जागा आधी दाखवलीस की ती आपणहून पिते.

ठाण्यात आलात की एक दिवस राम मारुती रोडवर तिला खुर्चीसकट जेवायला घेऊन जा, सायलीलाही पायरी चढवून बघू दे. बाबांनी इंची टेप आजीच्या खुर्चीच्या मागच्या खिशात घातली आहे. उजव्या मोठ्या चाकात हवा कमी वाटते, सायकलचा पंप चालतो, निघायच्या आदल्या दिवशी भर.

तुझी,
आई