व्हासातल्या ताईंना

ताई,

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून नुसतं 'ताई' म्हणते. त्या रविवारी फिनलंडमधल्या व्हासाच्या बसस्थानकावर तुम्ही भेटला नसतात, तर व्योरो हे जे गाव बघायला मी एवढ्या लांबून आले होते, ते न बघताच परतले असते.

युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत ज्यांना बघून लोक "हे काय सोंग!" म्हणतात, त्यांच्या गावांना जायचं असं मी गेली कित्येक वर्षं मनात धरून होते. विल्न्युसला गेले ते 2006 सालच्या त्या सहा सुटातल्या पुरुषांसाठी. 'आम्हीच विजेते' असं गात ते मंचावर आले, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तरी सहावे आले. लिथुआनियाला तोवर एवढा वरचा क्रमांक कधी मिळाला नव्हता. लात्वियातल्या रिगाला गेले 2008 सालच्या चाच्यांच्या वेशातल्या मंडळींसाठी. टालिनला टॉमी कॅशसाठी, ज्यानं इटालियन-इंग्रजीची खिचडी करून कॉफीवर गाणं म्हटलं आणि 2025 साली एस्टोनियाला तिसरा क्रमांक मिळवून दिला. तिथून बोटीनं हेलसिंकी, मग व्हासा. इथवर सगळं सुरळीत होतं. रविवारी व्योरोला जायला बस नाही, हे स्थानकावर पोचल्यावर कळलं. आईला फोनवर तेच सांगत होते, तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, "कुठल्या गं तू?"

पुढचं संभाषण मी जन्मात विसरणार नाही. "व्योरोला कुणाकडे?" "काय." "अगं, कुणाकडे म्हणतेय मी!" 2025 साली युरोव्हिजनमध्ये स्वीडनकडून गाणाऱ्या व्योरोच्या केविन, आक्सेल आणि याकोब या तिघांच्या आद्याक्षरांवरून त्यांच्या चमूचं KAJ हे नाव पडलं आणि त्याचा उच्चार नेमका आपल्या 'काय'सारखा. उलगडा झाल्यावर तुम्ही केवढ्या हसलात! पण त्या हसण्यात "एवढ्यासाठी आलीस?" असं कुठेही नव्हतं. गाडीची किल्ली काढलीत आणि म्हणालात, "चल, तीसेक किलोमीटर तर आहे."

ताई, घरच्यांपासून ऑफिसातल्यांपर्यंत सगळ्यांनी या प्रवासाला खूळ म्हटलं होतं. ते मनापासून ऐकून घेणाऱ्या पहिल्या तुम्ही.

वाटेत त्यांचं युरोव्हिजनमधलं गाणं लावून तुम्ही मला ओळीन् ओळ समजावून सांगितलीत. मला वाटायचं, तपकिरी सुटातले तिघे, मंचावर लाकडी सॉना, म्हणजे वाफेत बसायची खोली, शेकोटीवर भाजले जाणारे सॉसेज, टॉवेल गुंडाळून नाचणारी मंडळी, म्हणजे निव्वळ धमाल. तुम्ही सांगितलंत की ही व्योरोची बोली आहे, फिनलंडमधल्या स्वीडिश भाषकांची, जे देशात जेमतेम पाच टक्के आहेत. स्वीडन 1998 नंतर युरोव्हिजनमध्ये स्वीडिशमध्ये गायलंच नव्हतं. 2025 साली गायलं ते या शेजारदेशातल्या खेड्याच्या बोलीत, आणि चौथं आलं. "तंजावरच्या मराठीत गाणारे तिघे महाराष्ट्राच्या वतीनं उभे राहावेत आणि अख्ख्या महाराष्ट्रानं ते गाणं डोक्यावर घ्यावं, तसं समज," असं तुम्ही म्हणालात, आणि माझ्या अंगावर काटा आला. कितीही वेळा ते गाणं ऐकून मला जे कळलं नसतं, ते या एका वाक्यात कळलं.

मग तुमच्या ओळखीच्या आजींचा सॉना. मी बिचकत होते. तुम्ही मला खालच्या फळीवर बसवलंत, "वर फार तापतं, आधी इथेच बस." आजींनी लाकडी पळीनं तापल्या दगडांवर पाणी सोडलं. चर्र आवाज झाला, क्षणभर काहीच नाही, आणि मग वाफ कानांच्या पाळ्यांवर आली. आधी कान, मग खांदे. कुणी बोलत नव्हतं. युनेस्कोनं 2020 साली या परंपरेला वारसा म्हणून मान दिला हे मी वाचलेलं होतं. कान भाजल्यावर ते पटलं. बाहेर आल्यावर आजींनी माझ्यासाठी सॉसेजऐवजी बटाटे भाजले, तेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत.

लोर्डी या रॉक चमूचं गाव रोव्हानिएमी, तिथे जाणं मी रद्दच करणार होते. पैसे संपत आले होते. तुम्ही स्वस्तातलं तिकीट शोधून दिलंत, सेइनायोकीला गाडी बदलायची ते कागदावर लिहून दिलंत, फलाटासकट. त्यामुळे मी लोर्डीच्या चौकात उभी राहू शकले. 1961 पासून फिनलंड भाग घेत होतं, तीनदा शून्य गुण पदरात पडले, आणि 2006 साली अथेन्सला लोर्डीच्या राक्षसांच्या मुखवट्यांनी 292 गुणांनी पहिला विजय मिळवून दिला. गावानं आपल्या मुख्य चौकाला त्या चमूचं नाव दिलं. मुखवटे चमूचा गायक स्वतः घडवतो. माझं आजोळ मोखाड्याचं. बोहाड्यात सोंग नाचवणाऱ्यांना तिथे कुणी हसत नाही, नमस्कार करतात. त्या चौकात मला मामाच्या घरातले मुखवटे आठवले, आणि ते पहिल्यांदा कुणाला सांगावंसं वाटलं तर तुम्हाला.

ताई, तुमचा निळ्या काठाचा टॉवेल माझ्या बॅगेत आला आहे. धुऊन, घडी करून ठेवलाय. पोस्टानं पाठवते आहे, सोबत आईनं केलेला गोडा मसाला. आजींना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
बसस्थानकावरची मुलगी