कोरं पान आणि शून्य रुपये

पुणे,
२२ जून २०२५

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझी मेल मिळाली, सोबतचे स्क्रीनशॉटही नीट पाहिले. वसतिगृहाच्या प्रवेश-अर्जाचं पान काही आयफोनवर साफ कोरं येतंय, काही अँड्रॉइड फोनवर एकूण शुल्क शून्य रुपये दिसतंय आणि मुलाखतीच्या वेळेच्या जागी कुणाला ‘इन्व्हॅलिड डेट’ वाचायला मिळतंय. तुझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं ठणठणीत. आणि शेवटी तू लिहिलंयस की संस्थेतली मंडळी म्हणतात, ज्यांच्या फोनवर चालत नाही त्यांनी सायबर कॅफेत जाऊन अर्ज भरावा. ते वाचल्यावर मला राहवलं नाही. ज्या मुलीला वसतिगृहाची सगळ्यात जास्त गरज आहे, तिच्याच हातात घरातला सगळ्यात जुना फोन असतो. तिला तालुक्याला पाठवायचं कशासाठी? दोष आपल्या कोडमध्ये आहे आणि तो सापडण्यासारखा आहे.

आधी कोऱ्या पानाचं बघू. तू म्हणतोस, त्याच आयफोनवर क्रोममध्येही उघडून पाहिलं, तिथंही कोरंच, म्हणजे ब्राउझरचा संबंध नाही, सर्व्हरचंच काहीतरी असणार. इथं तुझी वाट चुकली. आयफोनवरचं क्रोम हे आतून क्रोम नसतं. ॲपलच्या नियमामुळे तिथल्या प्रत्येक ब्राउझरला ॲपलचंच वेबकिट इंजिन (पानाचा कोड वाचून चालवणारा आतला भाग) वापरावं लागतं. युरोपीय संघात कायद्याच्या रेट्यामुळे मार्च २०२४ मध्ये, आयओएस या आयफोनच्या प्रणालीच्या १७.४ आवृत्तीबरोबर, यातून सूट मिळाली. आपल्याकडे ती नाही. तू एकच इंजिन दोन नावांनी तपासलंस.

आता तुझ्याच यादीतले फोन पुन्हा बघ: आयफोन ६एस, आयफोन ७, पहिला एसई. हे तिन्ही आयओएस १५ वर थांबले, १६ त्यांना मिळालंच नाही. आणि सफारीचं, म्हणजे ॲपलच्या ब्राउझरचं, इंजिन आयओएसबरोबरच नवं होतं. अँड्रॉइडवर फोन जुना असला तरी क्रोम बरीच वर्षं प्ले स्टोअरमधून वेगळं अपडेट होत राहतं; आयफोनवर ती सोय नाही. त्यामुळे ‘फोन अपडेट करा’ ही जी सूचना तुम्ही पानावर लावली आहे ती आधी काढ. त्या मुलांकडे करण्यासारखं अपडेटच नाही.

तुझ्याकडे मॅक नाही, त्यामुळे आयफोन जोडून सफारीचा इन्स्पेक्टर उघडणं जमणार नाही. तरी एरर पाहता येते. पानाच्या अगदी वर, मुख्य फाइलच्या आधी, एक वेगळा स्क्रिप्ट टॅग टाक आणि त्यात विंडोच्या ‘ऑन-एरर’ला छोटं फंक्शन दे. संदेश, फाइलचं नाव, ओळ आणि कॉलम, सगळं पानावरच छापायचं. टॅग वेगळाच हवा, कारण मुख्य फाइल वाचतानाच इंजिन अडखळलं तर तिच्यातली एकही ओळ चालत नाही. शिवाय तुमची मुख्य फाइल दुसऱ्या डोमेनवरून येते. तशा फाइलची चूक ब्राउझर सुरक्षेसाठी झाकून ठेवतो आणि नुसतं ‘स्क्रिप्ट एरर’ एवढंच हाती देतो. टॅगवर ‘क्रॉसओरिजिन’ लाव आणि त्या सर्व्हरकडून परवानगीचा हेडर पाठव, किंवा तपासापुरती ती फाइल स्वतःच्या डोमेनवर ठेव.

तू पाठवलेल्या कोडवर मी हेच केलं. ऑफिसातल्या एकीकडे आयफोन ७ आहे, तिच्या फोनवर पान उघडलं आणि लगेच उमटलं: ‘सिंटॅक्स एरर: इन्व्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन: इन्व्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम’. सोबतचा ओळ-कॉलम धरून गेलो तर तो थेट रकमेत स्वल्पविराम टाकणाऱ्या फंक्शनपाशी. त्यातल्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्रात, (?<! अशी खूण आहे, म्हणजे लुकबिहाइंड: ‘याच्या मागे दशांशचिन्ह नसेल तरच’. दशांशचिन्हापुढच्या पैशांच्या आकड्यांत स्वल्पविराम पडू नये म्हणून कुणीतरी ती घातलेली. क्रोमला हे २०१७ पासून कळतं, फायरफॉक्सला २०२० पासून. सफारीला कळायला लागलं १६.४ मध्ये, म्हणजे मार्च २०२३ मध्ये. आयओएस १५ वरची सफारी (?< एवढं वाचते, पुढे गटाचं नाव येणार असं धरून चालते आणि नावाच्या जागी उद्गारचिन्ह दिसल्यावर थांबते. संदेशात ‘ग्रुप’ आणि ‘नेम’ हे शब्द आले ते म्हणून.

माधव, इथं थोडं थांब, कारण अख्खं पान कोरं का पडतं हे समजण्यासारखं आहे. ते फंक्शन शुल्काच्या तक्त्यासाठी आहे, पहिल्या पानावर त्याला कुणी हाकही मारत नाही. पण रेग्युलर एक्स्प्रेशन दोन तिरक्या रेघांमध्ये थेट लिहिलं की इंजिन ते फाइल वाचतानाच तपासतं, चालवताना नव्हे. बिल्ड करताना तुमचा सगळा कोड एका फाइलीत जातो, त्यामुळे त्या एका खुणेपायी अर्ज, मेनू, लॉगिन, सगळंच नाकारलं गेलं. भोवती ट्राय-कॅच (चूक झाली तर सावरून घेणारा कोड) लावून उपयोग नाही, कारण ट्राय चालण्याइतकी मजल फाइल मारतच नाही. आणि बेबलवर, म्हणजे नवा कोड जुन्या ब्राउझरांसाठी बदलून देणाऱ्या साधनावर, विसंबू नकोस. लुकबिहाइंडचं जुन्या रूपात रूपांतर बेबल करून देत नाही.

दुरुस्ती सोपी आहे: ते फंक्शन काढूनच टाक. ते तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम देतं, म्हणजे साडेबारा लाख १,२५०,००० असे छापतं. आपल्याला १२,५०,००० हवेत. ‘इंटल-नंबर-फॉरमॅट’ला भारतीय लोकेल (भाषा-प्रदेशाची खूण) दिलं की लाख-कोटींची विभागणी ब्राउझर स्वतः करतो, आणि जुन्या आयफोनवरही करतो.

तुझ्या आधीच्या माणसाने ‘सफारी असेल तर’ अशी एक अट लिहून ठेवली आहे, ती मात्र मुळीच वाढवत नेऊ नकोस. ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून जी ओळ पाठवतो ती वाचून काही ठरवणं धोक्याचं आहे. क्रोमच्या ओळीत ‘सफारी’ असतं, मायक्रोसॉफ्टच्या एजच्या ओळीत ‘क्रोम’ही असतं आणि ‘सफारी’ही, आणि ‘मोझिला’ तर सगळ्यांच्याच सुरुवातीला. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅड स्वतःला मॅक म्हणवतो. जुन्या साइट्सनी नव्या ब्राउझरांना दाराबाहेर ठेवू नये म्हणून प्रत्येकाने आधीच्याचं नाव लावून घेतलं, त्यातून हे झालंय. विचारायचंच असेल तर ‘तू कोण’ हे विचारू नये, ‘हे तुला येतं का’ हे विचारावं: ते फंक्शन आहे का बघ, ते रेग्युलर एक्स्प्रेशन स्ट्रिंगमधून (साध्या मजकुरातून) बनवून बघ, बनलं नाही तर दुसरा मार्ग घे. स्ट्रिंगमधून बनवलेलं चालतानाच फसतं, तिथं ट्राय-कॅच उपयोगी पडतं.

आता शून्य रुपये. हा बग मला मनापासून अस्वस्थ करून गेला, कारण तो फक्त मराठीत फोन वापरणाऱ्यांना छळतोय. तू त्याला ‘अँड्रॉइड क्रोमचा बग’ म्हटलंयस. स्क्रीनशॉट पुन्हा बघ: ज्यांचं शुल्क शून्य आलं त्या प्रत्येकाचा तक्ता देवनागरी अंकांत आहे. तुमचा कोड रक्कम दाखवताना ‘टू-लोकेल-स्ट्रिंग’ला हाक मारतो आणि कंस रिकामे ठेवतो. रिकाम्या कंसांचा अर्थ, ब्राउझरची जी भाषा असेल ती. क्रोम मराठीत असेल तर तिथं १२,५०० असं देवनागरीत उमटतं, कारण युनिकोडच्या भाषावार माहितीसाठ्यात मराठीचे नेहमीचे अंक देवनागरी धरलेत. हिंदीचे मात्र इंग्रजी धरलेत, त्यामुळे हिंदीत फोन वापरणाऱ्याचं शुल्क बरोबर येतं, आणि नेमकं त्याच फोनवर तपासून तुम्ही ‘आमच्याकडे चालतंय’ म्हणालात.

इथवर बिघडलेलं काहीच नाही. बिघडतं पुढे. बेरीज करणारा कोड तक्त्यातलाच मजकूर पुन्हा उचलतो, अंक आणि टिंब सोडून बाकी सगळं पुसतो आणि उरलेल्याचा आकडा करतो. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘अंक’ म्हणजे फक्त इंग्रजी अंक. त्यामुळे १, २, ५, ०, ० सगळेच पुसले जातात आणि उरते रिकामी स्ट्रिंग. ‘नंबर’ या फंक्शनला रिकामी स्ट्रिंग दिली की ते कुरकुरत नाही, शून्य परत देतं. ना एरर, ना इशारा, कन्सोल स्वच्छ. एखाद्या आईने ‘शुल्क शून्य’ वाचून निर्धास्त होऊन अर्ज पाठवला असेल, आणि नंतर तिला बारा-तेरा हजार भरायला सांगितले तर तिने काय करायचं?

यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे सगळीकडे इंग्रजी अंक सक्तीचे करणं. तसं करू नकोस. देवनागरी अंक पडद्यावर राहू दे, लोकांनी फोन मराठीत ठेवला आहे तो वाचायला सोपं जावं म्हणूनच. फक्त हिशेबाचा आकडा व्हेरिएबलमध्ये वेगळा ठेव आणि पडद्यावरचा मजकूर हिशेबासाठी कधीच परत वाचू नकोस. जिथं पालक स्वतः रक्कम टाइप करतात तिथं देवनागरी अंक येणारच, ते बदलून घे. युनिकोडमध्ये ० ते ९ सलग आहेत, ० चा क्रमांक २४०६. अक्षराच्या क्रमांकातून तेवढे वजा केले की अंक हातात. आणि तपासायला वेगळा फोन नको. तुझ्याच फोनची भाषा मराठी कर नि पान उघड.

तारखेचं त्यामानाने थोडक्यात. सर्व्हर तारीख आणि वेळ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा सोडून पाठवतो. जावास्क्रिप्टच्या प्रमाणकात तारीख लिहिण्याची एक रीत ठरलेली आहे, मध्ये इंग्रजी ‘टी’ असलेली. बाकी रूपांचं काय करायचं हे ज्या-त्या इंजिनावर सोडलंय. क्रोमने समजून घ्यायचं ठरवलं, जुन्या सफारीने नाकारायचं ठरवलं, दोघांनीही नियम मोडला नाही. ‘टी’ घाल आणि शेवटी +०५:३० जोड, म्हणजे कुणाला अंदाज बांधावा लागणार नाही. अर्जाच्या शेवटच्या तारखेलाही असाच धोका आहे. तिथं फक्त तारीख येते, वेळ नाही, आणि नुसती तारीख ग्रिनिचच्या मध्यरात्रीची धरली जाते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच, तारीख तीच. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. न्यू जर्सीच्या ताईला ते पान उघडायला सांग. तुझी ५ जुलै तिला ४ जुलै दिसेल.

तू मेलमध्ये ‘सफारी वेडी आहे’ असं लिहिलंयस. मला ते पटत नाही. नेटस्केप कंपनीची जावास्क्रिप्ट भाषा १९९५ ची, मायक्रोसॉफ्टने तिची स्वतःची आवृत्ती १९९६ मध्ये आणली आणि प्रमाणक आलं जून १९९७ मध्ये. म्हणजे फरक आधी जन्मले, नियम नंतर. तेव्हापासून ते मिटवायला माणसं झटत आलीत. २०२२ पासून तर ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला दरवर्षी मिळून कुठले फरक बुजवायचे ते ठरवतात. उरलेल्या प्रत्येक फरकामागे काहीतरी कारण असतं: कुणी मागे आहे, नियमात जागा सोडलेली आहे किंवा आपण गृहीत धरलेलं चुकलंय. ते कळेपर्यंत कोड कापत राहा. निम्मा काढ, बग राहिला तर उरलेल्याचा निम्मा काढ. शेवटी पाच-सात ओळी उरतात आणि उत्तर त्यांतच असतं. आणि एवढं करूनही दोष खरोखर इंजिनाचाच निघाला तर त्याच ओळी वेबकिटच्या बगझिलावर, म्हणजे दोष नोंदवायच्या साइटवर, टाक, तिथं लोक वाचतात.

एक सावधगिरी. डेव्हलपर टूल्स उघडल्यावर बग गायब झाला तर तो गेला असं समजू नकोस. इंटरनेट एक्सप्लोरर ८ आणि ९ मध्ये टूल्स उघडल्याशिवाय ‘कन्सोल’ ही वस्तूच नसायची, त्यामुळे विसरून राहिलेली एक लॉगची ओळ गिऱ्हाइकाकडे पान पाडायची आणि आपण बघायला गेलो की सगळं सुरळीत. आता कारण वेगळं असतं: टूल्समध्ये कॅशे (फाइलची साठवलेली प्रत) बंद ठेवायची खूण केलेली असते, त्यामुळे आपल्याला नवी फाइल मिळते आणि बाहेर जुनीच चालू राहते.

राहता राहिली तुझी चौथी तक्रार, अर्ज अर्धा भरल्यावर पान गोठण्याची. माझा संशय क्रोमच्या भाषांतरावर आहे. तुमचा अर्ज इंग्रजीत, फोन मराठीत, मग क्रोम स्वतःहून पान मराठी करायला पुढे येतं. ते करताना मजकुराचे तुकडे नव्या टॅगमध्ये गुंडाळतं, आणि रिॲक्टला, म्हणजे तुमचं पान बांधणाऱ्या लायब्ररीला, स्वतः ठेवलेला तुकडा जागेवर सापडत नाही. तसं असेल तर एररमध्ये ‘रिमूव्ह-चाइल्ड’ दिसेल. ऑन-एररच्या ओळी लावून भाषांतर चालू-बंद करून पाहा आणि जे छापून येईल ते जसंच्या तसं पाठव. तेच निघालं तर भाषांतर बंद करण्यापेक्षा अर्जच मराठीत द्या, असं मी संस्थेला सांगेन. मजकूर मराठीत करायला मी बसतो तुझ्याबरोबर. शनिवारी दुपारनंतर मोकळा आहे, फोन कर.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास